विश्लेषण : पोते एकच, माल कोणताही... प्रोग्रामिंगमधल्या जेनेरिक्सला नाव देणारे ख्रिस्तोफर स्ट्रेची कोण होते?

मनमाड-नांदेड रेल्वेमार्गावर पूर्णा सोडले की नांदेडच्या अलीकडे चुडावा लागते. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले हे गाव. हंगामात इथे ओसरीवर, टेम्पोत, आडतीवर सगळीकडे एकसारखी पोती दिसतात. आज त्यात सोयाबीन असते, काही महिन्यांनी तूर, मग हरभरा. पोते तेच. हमाल ते उचलताना आत काय आहे हे विचारत नाही. मापाड्यालाही वजन करण्यासाठी पोते उघडावे लागत नाही. मात्र पोत्यावर खूण नसली आणि तुरीच्या थप्पीत हरभऱ्याचे पोते गेले, तर तो घोळ थेट डाळमिलमध्ये पोते फोडल्यावर कळतो. चूक नेमकी कुठे झाली, हे तेव्हा शोधणे अवघड झालेले असते.

संगणकाच्या प्रोग्राममध्ये हाच प्रश्न रोज येतो. तुमच्या मोबाइलमध्ये संपर्कांची यादी असते, यूपीआय व्यवहारांची यादी असते, रेल्वेच्या ॲपमध्ये गाड्यांची यादी असते. आतला माल वेगळा, पण यादीवर करायची कामे तीच : भर घालणे, काढणे, मोजणे, एकेक करून बघणे. मग प्रत्येक मालासाठी यादीचा कोड नव्याने लिहायचा, की एकदाच लिहून सगळीकडे वापरायचा? आणि एकदाच लिहिला, तर गाड्यांच्या यादीत संपर्क शिरणार नाही याची हमी कोण देणार? याचे उत्तर म्हणजे जेनेरिक कलेक्शन. कॅम्पस मुलाखतीत हमखास विचारला जाणारा हा प्रश्न आहे आणि बहुतेकांना त्याचे उत्तर पाठ असते. या कल्पनेला नाव देणारा माणूस मात्र अभ्यासक्रमात भेटत नाही. अभियांत्रिकीच्या चार वर्षांत मलाही तो भेटला नव्हता. त्यांचे नाव ख्रिस्तोफर स्ट्रेची.

घराणे कोणते? भारताशी संबंध काय?

स्ट्रेची यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. चरित्रकार व लेखक लिटन स्ट्रेची हे त्यांचे काका. आई रे स्ट्रेची या ब्रिटनमधल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या आघाडीच्या कार्यकर्त्या होत्या. त्यांनी गणिताचे शिक्षण घेतले होते. वडील ऑलिव्हर स्ट्रेची काही काळ भारतात ईस्ट इंडियन रेल्वेत नोकरीला होते. पुढे दोन्ही महायुद्धांत त्यांनी शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्याचे काम केले.

आजोबांचा संबंध तर आपल्या भागाच्या इतिहासाशी अधिकच जवळून येतो. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर ब्रिटिश सरकारने नेमलेल्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष होते सर रिचर्ड स्ट्रेची. दुष्काळात सरकारने काय करायचे याचे नियम ज्या दुष्काळ संहितांमध्ये आले, त्यांची मुळे या आयोगाच्या १८८० च्या अहवालात आहेत. याच रिचर्ड यांचा नातू म्हणजे ख्रिस्तोफर. घरात हुशारीची कमतरता नव्हती, त्यामुळे अपेक्षाही तशाच होत्या.

मग दुसरा वर्ग का?

नॉरफोकमधल्या ग्रेशम्स शाळेतून ते १९३५ मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेले. आधी गणित घेतले, नंतर विज्ञानाकडे वळले. तिसऱ्या वर्षाला असताना त्यांचे मानसिक आरोग्य ढासळले आणि अभ्यास तुटला. पुढे पदवी मिळाली, पण खालच्या दुसऱ्या वर्गाची. संशोधक होण्याचा रस्ता तिथेच बंद झाला.

त्यांनी स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स या कंपनीत नोकरी धरली. युद्धाच्या काळात रडारसाठी लागणाऱ्या व्हॉल्व्हच्या रचनेची गणिते त्यांच्याकडे आली. ती सोडवण्यासाठी त्यांना डिफरन्शियल ॲनालायझर हे यांत्रिक गणनयंत्र वापरावे लागले. यंत्राकडून गणित करून घेण्याची गोडी त्यांना लागली ती इथे. युद्ध संपल्यावर मात्र ते शाळामास्तर झाले. आधी कँटरबरीच्या सेंट एडमंड्स शाळेत आणि १९४९ पासून प्रसिद्ध हॅरो शाळेत ते शिकवत होते. वय तिशी ओलांडलेले, हातात दुसऱ्या वर्गाची पदवी, नावावर एकही शोधनिबंध नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर बायोडेटात दाखवण्यासारखे काहीच नव्हते.

शाळामास्तर संगणकापर्यंत कसे पोहोचले?

१९५१ च्या जानेवारीत एका ओळखीतून त्यांची नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या माइक वुजर यांच्याशी गाठ पडली. तिथे पायलट एस हा सुरुवातीच्या काळातला संगणक होता. स्ट्रेची यांनी शाळा सांभाळून सुट्टीच्या दिवसांत त्यावर ड्राफ्ट्स, म्हणजे चेकर्स, हा पटावरचा खेळ खेळणारा प्रोग्राम लिहायला घेतला. यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीमुळे आणि प्रोग्राममधल्या चुकांमुळे तो नीट चालला नाही.

मँचेस्टरमध्ये फेरांटी मार्क १ हा मोठा संगणक आला होता. त्याचे माहितीपुस्तक ॲलन ट्युरिंग यांनी लिहिले होते. ट्युरिंगही किंग्ज कॉलेजचे, त्यामुळे जुनी ओळख होती. स्ट्रेची यांनी ते पुस्तक मागवून घेतले, वाचले आणि हजाराहून अधिक सूचनांचा प्रोग्राम लिहून नेला. त्या यंत्रासाठी तोवर कोणी एवढा लांब प्रोग्राम लिहिला नव्हता. शेवटी यंत्राच्या भोंग्यातून ब्रिटनच्या राष्ट्रगीताची धून वाजली. १९५१ मध्येच बीबीसीने या यंत्राच्या संगीताचे ध्वनिमुद्रण केले. संगणकाच्या संगीताची ती सर्वांत जुनी उपलब्ध ध्वनिमुद्रणे मानली जातात. १९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत ड्राफ्ट्सचा खेळही त्या यंत्रावर रंगू लागला.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गंमत केली. प्रेमपत्रे लिहिणारा प्रोग्राम. वाक्याचा सांगाडा ठरलेला, त्यात रिकाम्या जागा आणि त्या जागांसाठी विशेषणांची, नामांची, क्रियापदांची वेगवेगळी यादी. यंत्र त्यातला शब्द यादृच्छिकपणे उचलायचे आणि खाली मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाच्या आद्याक्षरांची सही करायचे. पत्रे भयंकर लाडीक होती. पण आज मागे वळून पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. सांगाडा एकच होता, शब्द कोणताही चालत होता, फक्त विशेषणाच्या जागी विशेषणच यायचे. पंधरा वर्षांनी त्यांनी ज्या कल्पनेला नाव दिले, तिचे बीज इथे होते असे मी म्हणणार नाही, तो ओढूनताणून जोडलेला संबंध होईल. पण विचार करण्याची पद्धत तीच होती, एवढे नक्की.

जून १९५२ मध्ये त्यांनी शाळा सोडली आणि नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेत रुजू झाले. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स जलमार्गाची गणिते, पेगॅसस संगणकाच्या रचनेत मोठा वाटा अशी कामे या काळातली. १९५९ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या परिषदेत त्यांनी टाइम शेअरिंगवर निबंध वाचला. एका महागड्या यंत्रावर एका वेळी एकाहून जास्त कामे कशी चालवता येतील, हा त्याचा विषय होता. त्याच वर्षी नोकरी सोडून ते स्वतंत्र सल्लागार झाले. स्वतःच्या कमाईतून त्यांनी १९६० मध्ये पीटर लँडिन हा तरुण सहायक ठेवला आणि त्याला कंपनीच्या कामाबरोबर प्रोग्रामिंग भाषांच्या सिद्धान्तावर विचार करायची मोकळीक दिली. लँडिन पुढे या विषयातले मोठे नाव झाले.

सीपीएल फसली, पण...

१९६२ मध्ये स्ट्रेची केंब्रिजला परतले. ज्या विद्यापीठाने दुसरा वर्ग देऊन पाठवले होते, तिथेच मॉरिस विल्क्स यांच्या प्रयोगशाळेत. केंब्रिज आणि लंडन विद्यापीठे मिळून सीपीएल नावाची नवी भाषा करत होती. भाषा महत्त्वाकांक्षी होती. इतकी, की तिचा संपूर्ण कंपायलर काही वेळेत उभा राहिला नाही.

तिचा वंश मात्र वाढला. मार्टिन रिचर्ड्स यांनी तिला काटछाट करून बीसीपीएल केली, केन थॉम्प्सन यांनी बीसीपीएलवरून बी आणि डेनिस रिची यांनी बीवरून सी. तुमच्या फोनच्या गाभ्यातला लिनक्स कर्नल मुख्यतः याच सीमध्ये लिहिलेला आहे.

या काटछाटीत गमावले काय, हे मात्र सांगितले पाहिजे. बीसीपीएलमध्ये मालाचे प्रकार उरलेच नाहीत. सगळे एकाच मापाचे शब्द. म्हणजे सगळी पोती बिनखुणेची. सीमध्ये प्रकार परत आले, पण कोणत्याही मालासाठी एकच काम लिहायचे तर व्हॉइड पॉइंटर वापरावा लागतो. सीच्या लायब्ररीतले क्यूसॉर्ट हे क्रम लावणारे फंक्शन तसेच चालते : पोत्यांचा पत्ता द्या, प्रत्येक पोते किती मोठे ते सांगा आणि दोन पोत्यांची तुलना करणारे फंक्शन सोबत द्या. आत खरोखर काय आहे, याची जबाबदारी तुमची. चुकलात तर कंपायलर बहुतेक वेळा गप्प बसतो.

कोपनहेगनमध्ये काय झाले?

१९६५ मध्ये स्ट्रेची ऑक्सफर्डला गेले आणि तिथे प्रोग्रामिंग रिसर्च ग्रुप उभा राहिला. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९६७ मध्ये, कोपनहेगनच्या आंतरराष्ट्रीय उन्हाळी वर्गात त्यांनी प्रोग्रामिंग भाषांच्या मूलभूत संकल्पनांवर व्याख्याने दिली. जेनेरिक्सचा जन्मदाखला शोधायचा तर तो या व्याख्यानांच्या टिपणांत आहे.

एकाच नावाचे काम वेगवेगळ्या प्रकारच्या मालावर चालते, याला पॉलिमॉर्फिझम म्हणतात. स्ट्रेची यांनी त्याचे दोन भाग पाडले.

पहिला भाग ॲड हॉक, म्हणजे तात्पुरत्या सोयीचा. अधिकचे चिन्ह पूर्णांकांनाही चालते आणि दशांश संख्यांनाही. पण यंत्राच्या आत या दोन बेरजा वेगळ्या रीतीने होतात, फक्त चिन्ह एक आहे. आडतीवर ओलावा बघतात तसे. सोयाबीनचा ओलावा आणि हळदीचा ओलावा, शब्द एकच, पण कसोटी वेगळी.

दुसरा भाग पॅरामेट्रिक. इथे त्यांनी उदाहरण घेतले ते यादीचेच. समजा एक फंक्शन आहे, ते अमुक प्रकारची वस्तू घेते आणि तमुक प्रकारची वस्तू देते. आता अमुक वस्तूंची एक यादी घ्या आणि प्रत्येक वस्तूवर ते फंक्शन चालवा. हाती तमुक वस्तूंची यादी येईल. अमुक म्हणजे काय आणि तमुक म्हणजे काय, हे यादीवर फिरणाऱ्या कोडला माहीत असण्याची गरजच नाही. कोड एकच, तो कोणत्याही मालावर सारखाच चालतो. हा आपला हमाल. प्रकार स्वतःच एक चलपद झाला. बीजगणितात क्ष असतो तसा. जावामध्ये यादीच्या नावापुढे कोनी कंसात लिहिला जाणारा टी म्हणजे हाच क्ष.

यात फायदा दुहेरी आहे. कोड एकदाच लिहावा लागतो आणि आत काय आहे याची खूणही हरवत नाही. संख्यांची यादी देऊन नावांची यादी परत मागितली, तर प्रोग्राम चालण्याआधीच, कंपायलरच्या काट्यावर, चूक पकडता येते.

त्याच व्याख्यानांत त्यांनी आणखी एक भेद ठसवला : मूल्य आणि मूल्य ठेवण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकायला साधे वाटते. पण जेनेरिक कलेक्शनचा इंटरफेस आखताना सर्वांत जास्त चुका इथेच झाल्या. कशा, ते पुढे पाहू.

या व्याख्यानांचे पुस्तक निघणार होते. ते निघालेच नाही. टिपणांच्या प्रती हातोहात फिरत राहिल्या. दुसऱ्यांच्या निबंधांत त्यांचे उल्लेख येत राहिले, पण छापील रूप नव्हते.

पुढे ही कल्पना कोणी वापरली?

एडिंबरामध्ये रॉबिन मिल्नर यांनी एमएल भाषेत ती उतरवली. १९७८ च्या निबंधात त्यांनी तिला पक्का गणिती पाया दिला. एमएलमध्ये तर खूण लिहावीही लागत नाही, कंपायलर ती स्वतः ओळखतो. एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह यांच्या सीएलयू भाषेत एक महत्त्वाची भर पडली. उचलणे आणि मोजणे कोणत्याही मालाला चालते, पण प्रतवारी लावायची तर दोन नगांची तुलना करता आली पाहिजे. म्हणजे क्ष काहीही असू शकतो, मात्र त्याला तुलना जमली पाहिजे, अशी अट इंटरफेसमध्येच लिहायची. आजच्या जवळपास प्रत्येक जेनेरिक भाषेत ही सोय आहे.

उद्योगाने मात्र वेळ लावला. जावाचे कलेक्शन फ्रेमवर्क डिसेंबर १९९८ मध्ये, जावा १.२ सोबत आले. जोशुआ ब्लॉक यांनी आखलेले हे इंटरफेस सुटसुटीत होते, पण खुणा नव्हत्या. यादीत काहीही टाका, बाहेर काढताना ते काय आहे हे प्रोग्रामरने सांगायचे. सांगण्यात चूक झाली की प्रोग्राम चालू असताना कोसळणार. तुरीच्या थप्पीतला हरभरा तो हाच. जेनेरिक्स जावात आले २००४ मध्ये, पाचव्या आवृत्तीत. तोवर जुना कोड जगभर पसरला होता आणि तो मोडून चालणार नव्हते. म्हणून तोडगा निघाला : खूण कंपायलरच्या काट्यावर तपासायची आणि प्रोग्राम चालू होताना पुसून टाकायची. याला टाइप इरेजर म्हणतात. पोते गाडीत चढेपर्यंत चिठ्ठी आणि गाडी सुटल्यावर चिठ्ठी गायब.

आता मूल्य आणि जागा यांचा भेद बघा. तूर हे कडधान्य आहे. मग तुरीचे पोते हे कडधान्याचे पोते आहे का? नुसता माल काढून घेणाऱ्यासाठी, होय. त्याला कडधान्य हवे होते, तूर मिळाली, तक्रार नाही. पण पोत्यात भर घालणाऱ्याच्या हाती ते कडधान्याचे पोते म्हणून दिले, तर तो त्यात खुशाल हरभरा ओतेल. त्याच्या लेखी तेही कडधान्यच. म्हणजे उत्तर पोत्यावर अवलंबून नाही, ते पोत्याकडून फक्त मूल्य घ्यायचे की त्याची जागा वापरायची यावर आहे.

जावाच्या ॲरेमध्ये सुरुवातीला सरसकट होय असे उत्तर दिले गेले आणि त्याची किंमत म्हणून चालू प्रोग्राममध्ये एक वेगळी तपासणी कायमची मागे लागली. यादीच्या बाबतीत वाचणे आणि भर घालणे एकाच इंटरफेसमध्ये कोंबले गेले. त्यामुळे बदलता न येणाऱ्या यादीलाही भर घालण्याचे बटण आहे. ते दाबले की चूक होते आणि तीही प्रोग्राम चालू असताना. इंटरफेसची संख्या कमी ठेवायची म्हणून हे केले गेले. कारण समजते, तरी माझ्या मते हा सौदा महागात पडला. अँड्रॉइड ॲपसाठी आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोटलिन भाषेत वाचायची यादी आणि बदलायची यादी असे दोन वेगळे इंटरफेस आहेत. तिथे तुरीची वाचायची यादी कडधान्याची यादी म्हणून चालते, बदलायची चालत नाही. गूगलच्या गो भाषेने तर स्वतःचे जेनेरिक कोड लिहिण्याची सोय मार्च २०२२ पर्यंत दिली नव्हती. स्ट्रेची यांच्या व्याख्यानांना तेव्हा ५५ वर्षे होत आली होती.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९६९ च्या शरद ऋतूत अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉट ऑक्सफर्डला आले. प्रोग्रामचा अर्थ नेमका काय, हे गणिताच्या भाषेत सांगता येईल का, हा स्ट्रेची यांचा जुना प्रश्न होता. त्यांच्याकडे कल्पना होत्या, पण गणिती पाया कच्चा होता. तो स्कॉट यांनी भरून काढला. या जोडीच्या कामाला आज डिनोटेशनल सिमँटिक्स म्हणतात. त्याच काळात जो स्टॉय यांच्याबरोबर त्यांनी ओएस सिक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिमही लिहिली. सिद्धान्त एका खोलीत आणि प्रोग्रामिंग दुसऱ्या खोलीत, ही विभागणी त्यांना मुळीच मान्य नव्हती.

१९७१ मध्ये ऑक्सफर्डने त्यांना प्राध्यापकपद दिले. डॉक्टरेट नसलेले, दुसऱ्या वर्गाचे पदवीधर तेव्हा ५४ वर्षांचे होते. छापलेले निबंध थोडे होते. एखादी गोष्ट मनासारखी झाल्याशिवाय छापायला द्यायची नाही, या सवयीमुळे बरेच काम टिपणांतच राहिले. विद्यार्थी रॉबर्ट मिल्न यांच्यासोबत ते एका मोठ्या निबंधावर काम करत होते. त्यातच कावीळ झाली. १८ मे १९७५ रोजी संसर्गजन्य हिपॅटायटिसने त्यांचे निधन झाले. वय ५८.

तो निबंध वाढवून मिल्न यांनी १९७६ मध्ये पुस्तकरूपाने पूर्ण केला. ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या जागी १९७७ मध्ये टोनी होअर आले. आणि कोपनहेगनची ती टिपणे छापून यायला २००० साल उजाडले. एका संशोधन नियतकालिकाने स्ट्रेची यांच्या स्मरणार्थ काढलेल्या विशेषांकात ती प्रसिद्ध झाली, व्याख्यानांनंतर ३३ वर्षांनी.